काळजाशेजारचा डाग

शिवप्रियाला कुणी काही विचारलं की ती आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. त्याला कोणतं उत्तर हवं आहे ते ताडायची आणि तेवढंच त्याच्या पदरात घालायची. मुरूमच्या माहेरी तिला गुणाची म्हणत, नळदुर्गच्या सासरीही गुणाचीच म्हणत. आता गुणाची म्हणजे काय, तर जिला स्वतःला काय हवं ते सांगायची सवयच लागली नाही ती. लोक या गोष्टीचं कौतुक करतात आणि पुढे त्यातूनच घोळ झाला की कपाळाला हात लावतात.

घोळ झाला तो ऑस्ट्रेलियाचा. तिचा नवरा अमरनाथ वेल्डर. नळदुर्गला हायवेच्या कडेला त्याच्या वडिलांनी, कल्याणप्पांनी, पत्र्याची शेड टाकलेली. ऊस सुरू झाला की शेडसमोर मोडक्या ट्रॉल्यांची रांग लागायची. हैदराबादकडे जाणारे ट्रकवालेही 'अमरची शेड कुठं' असं विचारत यायचे. अशा माणसाला सोलापूरच्या श्रीशैल नावाच्या एजंटानं गाठलं आणि ऑस्ट्रेलियातल्या ट्रेलर बांधायच्या एका कारखान्यातली नोकरी दाखवली. अमरनाथ हैदराबादला जाऊन परीक्षा देऊन आला. तिथं त्यानं केलेल्या जोडांचे एक्स-रे काढले, आत कुठं पोकळी राहिली का, राख अडकली का ते बघितलं. काही सापडलं नाही आणि तो पास झाला.

तो पेढे घेऊन घरी आला तेव्हा शिवप्रिया भाकरी थापत होती. "बायको-पोरीला संगं न्यायची सोय हाय," तो म्हणाला आणि हसला. शिवप्रियानं ते हसू बघितलं आणि म्हणाली, "बरं झालं की." एवढ्या दोन वाक्यांवर एका कुटुंबाचं समुद्रापलीकडे जायचं ठरलं. म्हैस घ्यायची असती तर याच घरात आठवडाभर खल झाला असता.

मग सगळं आपोआप पुढं सरकत गेलं. तिनं सोलापुरातून स्वेटर आणले, पहिलीतल्या लेकीकडून, शिवांजलीकडून, इंग्रजी बाराखडी घोटून घेतली, गल्लीतल्या बायकांना पत्ता सांगताना तिकडच्या गावाचं नाव दर वेळी वेगळं सांगितलं. सासू सिद्धम्मा वरवर काही बोलत नव्हती. नातीच्या वेणीला मात्र हल्ली तिला लई वेळ लागायचा. आणि शिवप्रियाला विचाराल तर तिच्या मनात काय चाललंय ते तिचं तिलाच कळत नव्हतं. सकाळी वाटायचं, जावं, पोरीचं भलं होईल, आपणही जग बघू. दुपारी भांडी घासताना वाटायचं, तिथं पोटात दुखलं तर कोणत्या भाषेत कण्हायचं? आणि हे बोलायचं तरी कुणापाशी, कारण नवऱ्याच्या तोंडावर तर ते हसू.

व्हिसाआधी तिघांची तपासणी व्हायची होती. एक अडकला की तिघं अडकले, हे श्रीशैलनं निक्षून सांगितलं होतं. हैदराबादच्या दवाखान्यात छातीच्या एक्स-रेसाठी शिवप्रियाला निळा झगा घालायला दिला आणि तिथली मुलगी म्हणाली, "गहने सब निकालो." तिनं मंगळसूत्र काढलं, कानातलं, नाकातलं, जोडवी, केसांतल्या पिनासुद्धा काढल्या आणि सगळं रुमालात बांधून अमरनाथकडे दिलं. मुलीनं परत विचारलं, "सब निकाले?" ती म्हणाली, "निकाले."

यात तसूभरही खोटं नव्हतं. गळ्यात लिंग होतं, लिंगायतांच्या गळ्यात असतं ते इष्टलिंग, पण लिंग काही दागिना नव्हे. लहानपणी आजोबांनी ते बांधलं तेव्हाच बजावलं होतं की हे उतरायचं ते आपल्यासोबत मातीत. आवळ्याएवढं, पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, दोऱ्यानं काळजाशेजारी टेकलेलं. अंघोळीला, झोपेत, बाळंतपणात, ते कधी अंगावरून उतरलं नव्हतं. दागिने काढा म्हटल्यावर कुणी कान काढून ठेवत नाही, तसं तिनं तेही काढलं नाही. अमरनाथचं लिंग घरी देवघरात होतं. एकदा ठिणगी उडून त्याचं कापड जळालं, तेव्हापासून सिद्धम्मानं ते तिथं ठेवून घेतलं होतं आणि तो पूजेपुरतं हातावर घ्यायचा. त्यामुळं त्याच्या फोटोत काही आलं नाही.

थोड्याच दिवसांत श्रीशैलचा फोन आला. "वहिनींच्या छातीत डाव्या बाजूला डाग दिसतोय. थुंकी तपासायची, एक्स-रे परत काढायचा. तवर तिघांचंबी थांबलं." मागोमाग त्यानं एक्स-रेचा फोटोही पाठवला. अमरनाथनं तो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला आणि फोन खिशात टाकला.

"काय दिसतंय?" शिवप्रियानं विचारलं.

"डाग हाय," तो म्हणाला आणि शेडवर निघून गेला.

सिद्धम्मानं हे ऐकलं आणि ओट्यावर बसकण मारली. तिची धाकटी बहीण क्षयानं गेली होती. तिनं सुनेच्या हातातला झाडू काढून घेतला आणि म्हणाली, "तू पड." धडधाकट बाई अंथरुणात पडली. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तिला खोकलाही आला, आणि खोकला ऐकून सिद्धम्मानं पदर डोळ्याला लावला. गल्लीतल्या बायका येऊन बसू लागल्या. एक म्हणाली करणी, दुसरी म्हणाली गॅसच्या शेगडीचा धूर, तिसरीनं शिवप्रियाला आडून आडून विचारलं की लग्नाआधी माहेरी काही दुखणं होतं का. शिवप्रियाला आठवेना. विचारणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघून ती 'असंल बाई' म्हणाली, आणि तेवढ्यावर गल्लीत आणखी एक गोष्ट फिरली.

मग सगळ्यांनी सोलापूरला छातीच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं. तिथं एक्स-रेच्या खोलीत एक वयस्कर बाई होती, अक्कलकोटकडची. तिनं शिवप्रियाच्या गळ्यातला दोरा बघितला आणि आपल्या माणसासारखं म्हणाली, "ताई, लिंग गळ्यात ठेवू नका. डाव्या हातावर घ्या, पूजेला घेता तसं, आन हात लांब धरा. न्हायतर फोटोत काळजाजवळ अंडं दिसतंय आन डॉक्टर उगंच औषधं लिवत्यात. आपल्या लई बायांचं असं होतं."

शिवप्रियाला हैदराबादचा डाग आठवला. मग तिनं दोरा डोक्यावरून काढला आणि लिंग तळहातावर घेतलं. फोटो झाला. बाईनं "झालं" म्हटल्यावरही ती तशीच उभी राहिली.

फोटो स्वच्छ आला. डॉक्टरच्या केबिनबाहेर माणसांची ही गर्दी. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "काही नाही हिला." सिद्धम्मानं तिथंच हात जोडले. हैदराबादचा फोटो अमरनाथच्या फोनमध्येच होता, पण त्यानं तो डॉक्टरांना दाखवलाच नाही. शिवप्रियाला वाटलं, आनंदात विसरला.

येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. सांगायचं म्हणून तिनं तोंड उघडलं. सांगणं काय अवघड होतं? डाग नव्हता, देव होता, झालं. पण तोंड उघडून तिनं विचारलं काय, तर शिवांजलीला भूक लागली असंल का. सोलापूर मागं पडलं, पुढं काही गावं गेली, आणि तिला स्वतःचंच आश्चर्य वाटू लागलं की आपण बोलत का नाही. मग हळूहळू कळलं. तो डाग तिच्या वतीनं 'नको' म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या वतीनं कुणीतरी नाही म्हणत होतं, आणि तिला वाईटपणा घ्यावा लागत नव्हता. तिला हायसं वाटलं. घर येईपर्यंत त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटायला लागली, कारण आता जायचं नाही असं वाटताच तिला ते न बघितलेलं गाव आठवून हुरहुर लागली. जायचंही नाही आणि राहायचंही नाही, असं कुठं असतं का? पण तिचं होतं तसं.

घरात गोंधळ कमी झाला नाही, वाढला. सिद्धम्मा शेजारणीला सांगत होती, "हैदराबादच्या मशिनीत दिसतंय, सोलापूरच्या मशिनीत न्हाय. म्हंजे ते हलतंय आत." हलणारा रोग म्हटल्यावर सगळ्यांचीच पाचावर धारण बसली. श्रीशैल म्हणाला, सोलापूरचा फोटो कुणी विचारत नाही, त्यांच्याच दवाखान्यात परत काढावा लागेल, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत, नाहीतर प्रकरण बंद. अमरनाथ म्हणाला, "जाऊ की. ह्या दोन ट्रॉल्या तेवढ्या हातावेगळ्या करतो." दोन ट्रॉल्या झाल्या, तर त्यानं तिसरी घेतली. शिवप्रियाही म्हणाली, "आत्यांना खंडोबाला जायचंय, तेवढं होऊ द्या आधी." दोघंही एकमेकांच्या सबबी निमूटपणे मान्य करत होते आणि घरातल्या कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

सिद्धम्मानं सगळ्यांना अणदूरला खंडोबाच्या पायावर घातलं. ती म्हणाली, "डाग जाऊ दे देवा, पोरीचं सारं सुखरूप होऊ दे, तवर म्या अळणी खाईन." भंडारा लावून बाहेर आल्यावर पायरीवर बसून कल्याणप्पा म्हणाले, "आपला देव थंडीत नळदुर्गला येऊन ऱ्हातो, बाकी वरीसभर अणदूरला. मूर्ती एक, गावं दोन. देवाला दोन गावं चालत्यात, मंग माणसालाच काय धाड भरलीया?"

"देवाला पालखीतून नेत्यात आन पालखीतून परत आणत्यात," सिद्धम्मा म्हणाली. "ह्यांना परत कोण आणंल?"

कल्याणप्पांनी पटका सारखा केला. बोलून चालून ते वेल्डर, तुटलेलं जोडायचं त्यांना ठाऊक होतं, हे काही तुटलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून सिद्धम्मा खरोखर अळणी जेवू लागली. भाकरी, बिनमिठाची डाळ, ताक. साठी उलटलेली बाई, उन्हात शेतावर जाऊन यायची. एकदा पाण्याची घागर उचलताना तिला भोवळ आली आणि ती हौदाच्या कठड्याला धरून खाली बसली. शिवप्रिया धावली, तर सासूनं उलट तिलाच दटावलं, "तू कशाला उठलीस? तुझ्या छातीला झेपंल का?" आणि धरून आत आणून अंथरुणावर बसवलं. भोवळ तिला आलेली आणि आधार मात्र ती सुनेला देत होती. शिवप्रियाला आपली इतकी लाज वाटली की तिला रडूही येईना.

अमरनाथला जेवायला बोलवायचं निमित्त काढून ती दुपारी शेडवर गेली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तो ट्रॉलीच्या चाकाजवळ उकिडवा बसून जोड मारत होता. ती उजेडाकडे न बघता पाठ करून उभी राहिली. आवाज थांबल्यावर पाठमोरीच म्हणाली, "मला तुमाला एक सांगायचंय. तो डाग न्हाय. लिंग हाय माझ्या गळ्यातलं."

मग ती वळली. अमरनाथनं तोंडावरचा मुखवटा काढून मांडीवर ठेवला होता.

"ठाऊक हाय मला," तो म्हणाला.

"कवापासनं?"

"फोटो आला तवाच. रोग काय असा आखल्यावानी गोल येतो व्हय? परीक्षेला जोडांचे फोटो दावले होते आमाला, त्यात काय कसं दिसतंय ते कळतंय. तुझ्या फोटोत वर दोऱ्याची गाठबी दिसती."

शिवप्रियाला त्याच्या तोंडाकडे बघून काय बोलावं ते पहिल्यांदाच कळलं नाही, कारण त्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून जे आलं ते बोलली. "मंग गप का बसलात? तिकडं आत्या अळणी खाऊन मरायला लागल्यात."

"तू का गप बसलीस?"

हे काही उत्तर नव्हतं, पण ते इतकं खरं होतं की तिचा राग तिथंच अडकला. ती मोडक्या ट्रॉलीच्या दांडीवर बसली. म्हणाली, "मला वाटलं, डाग हाय तवर मला काय बोलाया लागणार न्हाय. तुमाला जायचंय, मला ठाऊक हाय. म्या कशाला आडवी येऊ?"

"मला?" अमरनाथ म्हणाला. "जायचं तर तुला होतं. स्वेटर आणलेस, पोरीला इंग्रजी शिकवलंस. म्या पेढे आणले तवा बरं झालं म्हणालीस."

"तुमी हसलात म्हून म्हणले."

"म्या घाबरून हसलो, प्रिया."

हे ऐकून ती त्याच्याकडे बघतच राहिली. तो खाली बघून बोलत होता. म्हणाला, इथं रस्त्यावरचा कुणीबी थांबून अमर म्हणून हाक मारतो. तिथं जोड चुकला तर शिवी देतील का समजावतील, तेही कळायचं नाही. परीक्षा पास झालो तेव्हा वाटलं होतं, कुठंतरी नापास करतील आणि सुटू. नाही केलं. मग फोटोत ते लिंग दिसलं, आणि वाटलं देवच आडवा आला. आणि तेव्हापासून रोज लाजही वाटते, की आपण बायकोला रोगी म्हणून निजवून ठेवलंय.

"म्हंजे तुमाला न्हाय जायचं," ती म्हणाली.

"तेच कळंना झालंय. आता प्रकरण बंद होणार म्हटलं तर ते ट्रेलर डोळ्यांपुढं येत्यात. कसले असत्यात ते, एकेक म्हंजे आपल्या शेडीएवढा." मग त्यानं मान वर केली. "तुला जायचंय का?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं नुसतं, उत्तर आधी न ठरवता, तिला कुणी विचारलं नव्हतं. ती खरोखरच विचार करत बसली. हायवेवरून ट्रक जात होते. शेवटी म्हणाली, "ठाऊक न्हाय मला. भ्या वाटतंय."

"मलाबी," तो म्हणाला.

आणि तिला एकदम रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. इतके दिवस एकाच घरात, एकाच भीतीनं, भिंतीकडे तोंड करून झोपलेली ही दोन माणसं. तिला नवऱ्याची कीव आली, स्वतःची आली, आणि त्याहून जास्त म्हणजे फार बरं वाटलं. अमरनाथ हात पुसायला चिंधी शोधत राहिला, सापडली नाही तेव्हा काळ्या हातानंच तिच्या पाठीवर थोपटू लागला.

तेवढ्यात श्रीशैलचा फोन आला. उद्या शुक्रवार, येताय का नाही ते एकदाचं सांगा. अमरनाथनं फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "तू सांग." शिवप्रियानं सवयीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथं नुसतीच भीती होती, आणि तिच्या भीतीपेक्षा ती काही वेगळी नव्हती. एकटीनं घाबरायचं ते इथं घरातही जमलं नव्हतं. दोघांनी मिळून घाबरायचं तर ते कुठंही जमलं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. हे बरोबर होतं की चूक, कोण जाणे. ती फोनमध्ये म्हणाली, "येतोय. सकाळच्या गाडीनं निघतो."

दोघं घरी गेले. सिद्धम्मा ओसरीत नातीचं डोकं मांडीवर घेऊन केस बघत बसली होती. अमरनाथ तिच्यासमोर खाली बसला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला: डाग नव्हता, रोग नव्हता, लिंगाची सावली पडली होती, आणि दोघांनाही ते ठाऊक असून दोघंही गप्प बसले होते. म्हातारी आता कानाखाली देईल म्हणून त्यानं गालही पुढं केला होता. शिवप्रिया दाराशी उभी होती, तिला आत यायचा धीर होईना.

"म्हंजे हिला काय बी झालं न्हाय?" सिद्धम्मानं विचारलं.

"न्हाय अव्वा."

"छातीत काय न्हाय?"

"काय सुदीक न्हाय."

सिद्धम्मानं अणदूरच्या दिशेनं हात जोडले. चेहरा असा उजळला की शिवप्रियाला वाटलं, आपल्या आईला तरी आपल्यासाठी इतका आनंद झाला असता का. मग जोडलेले हात हळूच मांडीवर आले, तिथं शिवांजलीचं डोकं होतं, त्यावर येऊन थांबले. सिद्धम्मानं नातीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"मंग आता तुमी जाणार," ती म्हणाली.

शिवप्रिया आत येऊन सासूजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला. सिद्धम्मानं तो सोडवून घेतला नाही.

"जावा," ती म्हणाली. "म्याच मागितलं होतं देवाला. आता त्याच्याशी भांडू तरी कसं?"